डुलकी, ड्युटी आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की बस, ट्रक, ट्रेन, जहाज, विमान, जे काही चालवता ते चालवताना झोपेने कधी दगा दिलाय का. एवढी पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून मग कुणाचंच छापलं नाही. काही पत्रं छोटी केलीत, भाषा मात्र तुमचीच ठेवलीय.

प्रश्न: मी रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवतो. परवा पहाटे चारच्या सुमारास असं झालं की एक पूल येतो रस्त्यात, तो कधी मागे गेला मला आठवतच नाही. डोळे उघडे होते, हात स्टिअरिंगवर होते, गाडी पण लेनमध्येच होती. कंडक्टरला काही कळलं नाही आणि मी पण काही बोललो नाही. मी झोपलो होतो का? डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो का?

उत्तर: झोपतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात, सेकंद-दोन सेकंदांपासून दहा-पंधरा सेकंदांपर्यंत मेंदू ऑफ होतो आणि डोळे उघडे असले तरी होतो. आता नुसतं आठवत नाही म्हणजे झोपच लागली होती असं शंभर टक्के म्हणता येणार नाही, डोक्यात दुसरा काही विचार चालू असला तरी रस्ता आठवत नाही. पण पहाटेचे चार आणि रात्रभराची ड्युटी, मला तरी झोपच वाटतेय. 80 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणजे चार सेकंदांचं मायक्रोस्लीप झालं तर जवळजवळ 90 मीटर गाडीला ड्रायव्हरच नव्हता. रस्ता सरळ होता आणि पुढे कुणी नव्हतं म्हणून निभावलं, राग मानू नका पण त्यात तुमच्या हाताचं कौशल्य काही नव्हतं.

पहाटेच का, तर शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं आणि ते रात्री दोन ते सहा या वेळात माणसाला खाली ओढतंच, तुम्ही किती का सवयीचे असेना. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान पण एक छोटा खड्डा असतो. एकटीच गाडी रस्ता सोडून उलटली, ब्रेक मारल्याची खूणच नाही, असे अपघात बघा, या दोन वेळांना जास्त सापडतात.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेलीच नाही, की त्या दिवशी तुम्ही उठला होतात किती वाजता. सकाळी सातला उठून घरची कामं केली, दुपारी आडवं पडायला जमलं नाही आणि रात्री नऊला ड्युटीवर आलात तर पहाटे चारला तुम्ही 21 तास जागे आहात. ड्युटीचे झाले फक्त सात तास, पण जागरणाचे 21! ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 मध्ये लोकांना जागं ठेवून आणि वेगळ्या दिवशी दारू पाजून एकच टेस्ट दिली होती, तर 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढा ढिला निघाला आणि 24 तास जागा असलेला 0.10 टक्क्यांएवढा. कितीतरी देशांत 0.05 ला लायसन्स जातं. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसलेल्याला आपण शिव्या घालतो आणि रात्रभर जागून गाडी ओढणाऱ्याला मेहनती म्हणतो, हे मला कधी पटलेलं नाही.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू का, झोप आलेल्या माणसाला आपल्याला किती झोप आलीय हेच नीट कळत नाही. 2003 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला, त्यात लोकांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष आणि रिअ‍ॅक्शन टाइम एक अख्खी रात्र जागलेल्या माणसासारखं झालं होतं, पण विचारलं की म्हणायचे थोडी सुस्ती आहे, बाकी ठीक आहे. म्हणून "मला माझी लिमिट माहितीये" असं कुणी म्हणालं की मी जरा जास्तच काळजीत पडतो. त्यापेक्षा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवा: जांभया थांबत नाहीत, बोर्ड वाचायचा राहून जातो, स्पीड आपोआप कमी-जास्त होतो, गाडी पट्ट्यावर जाते आणि झटका देऊन परत आणावी लागते. यातलं काही सुरू झालं की "पुढच्या स्टॉपपर्यंत जाऊ" हा विचार येतोच, आणि तो विचार झोपेतल्या मेंदूचा असतो. पहिल्या सेफ जागी थांबवा. आणि कंडक्टरला सांगा हो, लाजू नका. त्याला माहीत असेल तर तो बोलत राहील, तुमच्याकडे बघत राहील. परवा बसमध्ये हे माहीत असलेले एकटे तुम्हीच होतात आणि तुम्हीच झोपलेले होतात!

प्रश्न: खिडकी उघडायची, गाणी मोठ्याने लावायची, तोंडावर पाणी मारायचं, कॉफी घ्यायची. यातलं खरंच काय चालतं?

उत्तर: खिडकी आणि गाणी दहा-पंधरा मिनिटं बरं वाटायला लावतात, त्यापलीकडे काही नाही. पाण्याचंही तेच. कॉफी चालते, पण प्यायल्यावर साधारण 20 ते 30 मिनिटांनी, लगेच नाही. लोक कप ठेवतात आणि लगेच गिअर टाकतात, ती मधली वीस मिनिटं कोण सांभाळणार? म्हणून कॉफी प्यायची आणि तेवढ्याच वेळात गाडी बाजूला लावून, लॉक करून, पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, उठेपर्यंत ती चढलेली असते. एवढी एकच ट्रिक टेस्टमध्ये टिकलीय. ड्युटीच्या शेवटी शेवटी मात्र नको, कारण कॅफिन पाच-सहा तासांनंतर पण निम्मं अंगात असतं आणि मग घरी जाऊन झोप लागत नाही, की दुसऱ्या दिवशी परत तेच.

प्रश्न: माझे मिस्टर ट्रक चालवतात. घोरतात तर इतके की मुलं दुसऱ्या खोलीत झोपतात. मधेच घोरणं थांबतं, अगदी शांत होतं, मला वाटतं श्वासच थांबला, आणि मग एकदम धाप लागल्यासारखं करून परत सुरू. आठ-नऊ तास झोपतात तरी उठल्यावर डोकं जड, दिवसभर पेंगतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात घोरतं कोण नाही, आणि तपासणीत काही निघालं तर काम जाईल.

उत्तर: ताई, तुम्ही जे लिहिलंय ते वाचून कुठलाही डॉक्टर स्लीप अ‍ॅप्नियाची टेस्ट करा म्हणेल. झोपेत गळ्याची वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, आणि हे काही जणांत तासाला तीस-तीस वेळा किंवा त्याहूनही जास्त होतं. त्यांना स्वतःला आठवत नाही. त्यांच्या हिशोबी ते नऊ तास झोपले, पण शरीराच्या हिशोबी रात्रभर कुणीतरी त्यांना हलवून उठवत होतं. वजन जास्त, मान जाड, बीपी वाढलेलं असेल तर शक्यता आणखी वाढते, पण बारीक माणसालाही होतो.

हे किती महाग पडतं बघा. 1 डिसेंबर 2013 ला न्यूयॉर्कमध्ये सकाळी एक लोकल ट्रेन वळणावर रुळांवरून घसरली. त्या वळणाला लिमिट होती ताशी 48 किलोमीटरच्या आसपास आणि गाडी होती 132 च्या आसपास. चार जण गेले, साठहून जास्त जखमी. चालवणारा दारू प्यायलेला नव्हता, फोनवर नव्हता, त्याला डुलकी लागली होती. नंतर तपासणी केली तेव्हा कळलं की त्याला जबरदस्त स्लीप अ‍ॅप्निया आहे, आधी कुणी तपासलंच नव्हतं. त्यात दोनच आठवड्यांपूर्वी त्याची शिफ्ट दुपारची बदलून पहाटेची केलेली.

काम जाईल या भीतीचं म्हणाल तर ती खोटी नाही, पण अर्धवट आहे. अ‍ॅप्नियाला इलाज आहे. सीपॅप नावाचं मशीन असतं, मास्कमधून हवेचा प्रेशर देऊन गळा उघडा ठेवतं, आणि नीट वापरणारे लोक कामावर परत जातात, गाडी चालवतात. पहिले काही दिवस मास्क नकोसा होतो, तेव्हा सोडू देऊ नका. त्यांना समजावून काही होत नसेल तर एक करा, रात्री ते थांबलेले श्वास मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि सकाळी ऐकवा. वाद घालण्यापेक्षा ते लवकर पटतं.

प्रश्न: मी लोको पायलट आहे. आमच्या इंजिनात व्हिजिलन्सचं यंत्र आहे, ठराविक वेळात काही केलं नाही तर लाइट लागतो, मग बझर, मग ब्रेक. तरी आम्हाला थकव्याचं ट्रेनिंग कशाला देतात? मशीन आहे ना जागं ठेवायला.

उत्तर: मशीन तुम्हाला जागं ठेवत नाही, तुम्ही जिवंत आहात का एवढंच विचारतं. बझर वाजला की बटण दाबायचं ही सवय हाताला इतकी लागते की अर्धवट झोपेतही हात जातो आणि दाबतो. तुमच्यातल्या कुणालाही खाजगीत विचारा. मशीनच्या हिशोबात माणूस हजर, पण सिग्नल काय होता ते त्याला विचारून बघा.

याच्याही पुढची गोष्ट कॅनडातली. 8 फेब्रुवारी 1986 ला हिंटन गावाजवळ एक मालगाडी सिग्नल तोडून पुढे गेली आणि समोरून येणाऱ्या पॅसेंजर गाडीला धडकली, 23 माणसं गेली. मालगाडीच्या इंजिनात पायाने दाबून ठेवायचा पेडल होता, पाय उचलला की ब्रेक लागणार. चौकशीत बाहेर आलं की अशा पेडलवर काहीतरी जड वस्तू ठेवून पाय मोकळा करायची पद्धतच पडून गेली होती. त्या इंजिनात नक्की काय झालं ते सांगायला कुणी उरलं नाही, पण चौकशी आयोगाने बोट एका माणसाकडे नाही दाखवलं, पूर्ण रेल्वेतल्या कामाच्या सवयींकडे दाखवलं: अनियमित ड्युट्या, अपुरी झोप आणि ते सगळ्यांनी चालायचंच म्हणून सोडून दिलेलं. पेडलवर वजन ठेवणारा माणूस आळशी होता म्हणून विषय संपवता येतो, पण तो पाय इतका का दुखत होता, इतका का थकला होता हे कुणी विचारत नाही.

तुमच्याकडे सिग्नल मोठ्याने म्हणायची पद्धत असेल तर ती मनापासून पाळा, तोंडाने बोलल्याने चुका खरंच कमी होतात. पण ती पण झोपेची भरपाई नाही.

प्रश्न: मी ट्रान्सपोर्टमध्ये ड्युट्या लावतो. आमच्याकडे तासांचे नियम काटेकोर पाळले जातात, एक मिनिट जास्त नाही. तरी ड्रायव्हर थकलो थकलो करतात. नियम पाळूनही थकवा कसा येतो, की हे सगळं नाटक?

उत्तर: नाटक करणारे दोन-चार असतील, कुठे नसतात. पण तासांचा नियम गाडी चालवण्याचे तास मोजतो, झोपेचे नाही. युरोपात दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, आठवड्यात दोनदा 10 चालतं, साडेचार तासांनी 45 मिनिटांचा ब्रेक. अमेरिकेत ट्रकवाल्याला 10 तास सुट्टीनंतर 14 तासांच्या आत 11 तास चालवता येतं. चांगले नियम आहेत, कुणीतरी भांडून मिळवलेत. पण सकाळी 8 ते संध्याकाळी 5 चे नऊ तास आणि रात्री 10 ते सकाळी 7 चे नऊ तास कागदावर सारखेच दिसतात, शरीराला ते सारखे नसतात. रात्रपाळीवाला दिवसा झोपतो म्हणजे काय करतो, उजेड, आवाज, दाराची बेल, मुलांची शाळा, आणि शरीराचं घड्याळ म्हणतंय की आत्ता जागं राहायची वेळ आहे. बहुतेकांची झोप पाच-सहा तासांत मोडते. अशा चार रात्री लागोपाठ लावल्या की ती उधारी साठत जाते.

दुसरं म्हणजे ड्युटीच्या आधी माणसाने काय केलं ते नियमाला दिसत नाही. 28 फेब्रुवारी 2001 ला इंग्लंडमध्ये सेल्बीजवळ एक माणूस रात्रभर फोनवर बोलत जागला आणि पहाटे गाडी घेऊन निघाला. तो काही प्रोफेशनल ड्रायव्हर नव्हता. त्याची गाडी हायवेवरून घसरून खाली रेल्वे रुळावर गेली, तिला एक पॅसेंजर ट्रेन धडकली, मग त्या ट्रेनला समोरून येणारी मालगाडी. दहा जण मेले. स्टिअरिंगवर किती तास झाले होते हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे.

रोस्टर तुमच्या हातात आहे तर हे बघा: शिफ्ट बदलायचीच तर पुढे सरकवा, सकाळ मग दुपार मग रात्र, उलटं नको. दोन ड्युट्यांच्या मधल्या तासांतून घरी जाणं, जेवणं, आंघोळ, परत येणं वजा करा आणि झोपेला सात तास उरतात का ते पाहा. पहाटे चारच्या ड्युटीसाठी माणसाला रात्री आठला झोपायला लागतं, आणि आठला झोप कुणाला लागते? आणि ऐनवेळी फोन करून बोलावणं, हे मला वाटतं सगळ्यात घातक, कारण रात्री ड्युटी आहे हेच माहीत नसलेला माणूस दुपारी झोपणार कसा. एवढं केलं की मग नाटक कोण करतंय ते तुम्हाला आपोआप कळेल.

प्रश्न: मी जहाजावर ऑफिसर आहे. सहा तास वॉच, म्हणजे जहाजावरची पहाऱ्याची ड्युटी, सहा तास सुट्टी, परत सहा तास वॉच. बारा तास विश्रांती मिळते म्हणजे नियमात बसतं. पण महिना झाला की डोकं चालत नाही.

उत्तर: आंतरराष्ट्रीय नियम म्हणतो की 24 तासांत कमीत कमी 10 तास विश्रांती, सात दिवसांत 77 तास, आणि ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, ज्यातला एक तरी सलग सहा तासांचा हवा. सहा-सहाच्या वॉचमध्ये हे कागदावर मस्त बसतं. पण त्या सहा तासांत हँडओव्हर, जेवण, रिपोर्ट, बंदर आलं की कार्गोचं काम, आणि पडल्यावर लगेच झोप लागत नाही ते वेगळंच. सलग झोप चार-पाच तासांच्या वर जात नाही, दिवसातून दोनदा तुटलेली. अलास्कात 24 मार्च 1989 ला एक्सॉन व्हाल्डेझ नावाचं तेलाचं जहाज मध्यरात्रीनंतर खडकावर चढलं, कोट्यवधी लिटर तेल समुद्रात गेलं, सगळ्यांना कॅप्टनच्या दारूची बातमी आठवते, पण तेव्हा वॉचवर असलेल्या थर्ड मेटचा, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालच्या ज्युनियर ऑफिसरचा, थकवा आणि कामाचा बोजा हेही तपासात कारण म्हणून लिहिलंय. ती बातमी काही चमचमीत नव्हती.

एक ऑफिसर जास्त असेल तर चार तास वॉच, आठ तास सुट्टी करता येते, फरक खूप पडतो. ते तुमच्या हातात नाही, मान्य. तुमच्या हातात एवढंच की रेस्ट अवर्सचं शीट खरं भरा. सगळे खोटं भरतात, म्हणून वरच्यांना वाटतं माणसं पुरतायत.

प्रश्न: सर्दीची गोळी घेऊन गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर: गोळीवर अवलंबून. क्लोरफेनिरामिनसारखी जुनी औषधं गुंगी आणतात, आणि ती रात्री घेतली तरी सकाळपर्यंत उतरलेली नसतात कधी कधी. गुंगी कमी आणणाऱ्या गोळ्या मिळतात. घेताना "मी गाडी चालवतो" हे आधी सांगा. नवीन गोळी पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा.

प्रश्न: थोडी झोप काढून उठलो की उलट जास्तच बधिर वाटतं. मग झोपूच नये का?

उत्तर: झोपा, पण किती आणि उठल्यावर लगेच काय करायचंय ते बघून. नासाने लांबच्या फ्लाइटवरच्या पायलट्सना आळीपाळीने 40 मिनिटांची संधी दिली होती, त्यात सरासरी 26 मिनिटं झोप झाली आणि लँडिंगच्या आधी त्यांचं लक्ष झोप न घेतलेल्यांपेक्षा चांगलंच सुधारलेलं होतं. पण झोप लांबली, गाढ झाली आणि त्यातून एकदम उठवलं तर पंधरा मिनिटं ते अर्धा तास, कधी जास्तच, डोकं जागेवर नसतं.

22 मे 2010 चा मंगळूरचा अपघात आठवत असेल, दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी संपून दरीत गेलं, 158 जण गेले. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता, विमान खाली आणायला सुरुवात करायच्या थोडंच आधी तो उठला. विमान वर होतं, स्पीड जास्त होता, सहवैमानिकाने लँडिंग सोडून परत वर जाऊया असं सांगितलं, तरी कॅप्टनने उतरवलं. चौकशीत त्या झोपेनंतरच्या बधिरपणाचा उल्लेख आहे. म्हणजे डुलकी वाईट नव्हती, ती लांब होती आणि उठल्यावर सावरायला वेळ नव्हता. तुमच्यासाठी हिशोब साधा: वीस मिनिटांचा अलार्म, उठल्यावर खाली उतरून पंधरा मिनिटं चालायचं, मग चावी लावायची. वेळ मोकळाच असेल तर सरळ दीड तास झोपा.

प्रश्न: सर, मी नवीन आहे. थकलोय, आज नको असं म्हटलं की सुपरवायझर म्हणतो बाकीचे चालवतात ना, तुलाच काय झालं. नोकरी टिकवू की झोप?

उत्तर: मित्रा, तुला फुकटचा शूरपणा शिकवणार नाही, पगार तुझा आहे माझा नाही. पण सांगायची पद्धत बदलून बघ. "थकलोय" म्हटलं की समोरच्याला कुरकुर ऐकू येते. त्याऐवजी आकडे सांग: काल इतक्या वाजता उतरलो, इतके तास झोपलो, आत्ता इतके तास जागा आहे, ही ट्रिप संपेल तेव्हा वीस तास होतील. आणि ट्रिप सुरू व्हायच्या आधी सांग, अर्ध्या रस्त्यातून नाही, म्हणजे त्याला दुसरा माणूस बघायला वेळ मिळतो. नाही म्हणण्याऐवजी पर्याय दे, दोन तास झोपून निघतो, किंवा जवळची ट्रिप दे, किंवा सोबत दुसरा ड्रायव्हर दे. विमान कंपन्यांत याच्यासाठी फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याची लेखी नोंद, असतो, भरला म्हणून शिक्षा करायची नाही असा संकेत असतो, तुझ्याकडे तसं काही आहे का विचार. नसेल तर मेसेज करून ठेव, वेळेसकट, साध्या भाषेत. फोनवर "जा रे काही होत नाही" म्हणणारी माणसं लेखी मेसेजवर तेच उत्तर देताना दोनदा विचार करतात.